गरम गाडी चालू होत नाही म्हणून घेतलेला ओबीडी स्कॅनर: उन्हाळ्यापासून दिवाळीपर्यंतचा अनुभव

ब्लूटूथवाला, हजार रुपयांच्या आतला, नाव-गाव नसलेला स्कॅनर. गाडीच्या ओबीडी सॉकेटात लावायचा, मग गाडीच्या कॉम्प्युटरमधले फॉल्टचे कोड आणि चालू आकडे मोबाईलवर दिसतात. उन्हाळ्यात मागवला, आता दिवाळी होऊन गेली. गाडीचा सगळा आजार मोबाईलवर दिसेल या आशेनं घेणार असाल तर घेऊ नका. आजाराचं नाव तो सांगत नाही. सेल मारताना आत काय चाललंय ते मात्र दाखवतो, आणि माझं काम तेवढ्यावर झालं.

माझी खत-बियाण्यांची फिरती. लातूर, अंबाजोगाई, गंगाखेड, परभणी. एकेका कृषी सेवा केंद्रावर दहा-पंधरा मिनिटं थांबायचं की पुढं. गाडी २०१४ ची, पेट्रोल. सकाळी एका सेलला चालू. दुपारी गंगाखेडच्या मोंढ्यात जरा थांबून परत आलो की सेल जोरात फिरतो, पण इंजिन पकडत नाही. अर्ध्या-पाऊण तासानं आपोआप चालू. दुकानदार म्हणायचे, "साहेब, अजून एक चहा घ्या, तवर व्हईल की." व्हायचीही!

सेलच फिरत नसेल, नुसतं टक-टक येत असेल, तर बॅटरी, अर्थिंग, स्टार्टर बघा. सेल फिरतोय पण पकडत नाही, हे प्रकरण वेगळं. आणि गाडी बंद केली की इंजिन लगेच निवत नाही, उलट आधी तापतं, कारण पाण्याचं फिरणं थांबतं. चावी नुसती ऑन ठेवून मी स्क्रीनवर बघत बसलो: बंद करताना कूलंट ९२ अंश, थोड्या वेळात शंभराला टेकलं. त्यात परभणीचा मे महिना. म्हणून असली गाडी लांबच्या प्रवासात चालत राहते आणि छोट्या थांब्यावर अडते.

एका गॅरेजनं निदान केलं होतं, पेट्रोल पंप गेला. पाइप सोडून, सेल मारून दाखवलं, पेट्रोल येत नाही. दिसायला पुरावा पक्का, पण त्यात मेख आहे. चावी ऑन केली की पंप दोनेक सेकंद चालतो आणि थांबतो. पुढं चालू ठेवायचा का, हे ईसीयू, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, क्रँक सेन्सरच्या (इंजिन फिरतंय का ते सांगणाऱ्या सेन्सरच्या) सिग्नलवरून ठरवतो. इंजिन फिरतंय हेच त्याला कळलं नाही तर पंपही नाही, इंजेक्टरही नाही, स्पार्कही नाही. म्हणजे करतो सेन्सर आणि बदनाम होतो पंप.

स्कॅनर इथं कामी आला. लाइव्ह डेटामध्ये आरपीएम, म्हणजे इंजिनचे मिनिटाला फेरे, लावून ठेवायचा. थंड गाडीला सेल मारताना आकडा दोन-अडीचशेच्या आसपास येतो. गाडी अडली तेव्हा सेल गरगर फिरत होता आणि आकडा शून्यावर ठप्प. गंमत म्हणजे कोड एकही नव्हता, चेक लाइटही नाही. क्रँक सेन्सरच्या फॉल्टचा पी०३३५ दिसेल असं वाटलं होतं, आलाच नाही. तेव्हा नुसते कोड वाचून "गाडीत फॉल्ट नाही" म्हणणाऱ्यावर विसंबू नका.

लातुरातल्या जुन्या फिटरमामांना स्क्रीन दाखवली. "आकड्याचं राहू द्या, मीटर लावू," म्हणाले. गरम गाडीतच सॉकेट काढून सेन्सरच्या दोन पिनांना मीटर लावला: सर्किट ओपन. मग ओलं फडकं सेन्सरवर दाबून धरलं. थोड्या वेळानं मीटरवर ओहमचा आकडा परत आला, सॉकेट लावलं, अर्ध्या सेलला गाडी चालू. आतली बारीक तार तापली की सुटायची, निवली की टेकायची. ही परीक्षा दोन तारांच्या सेन्सरची; तीन तारांच्या हॉल सेन्सरला असा ओहम मोजू नये. नवा सेन्सर ओरिजिनल टाकला. जुना पंप अजून तोच आहे.

आता स्कॅनरच्या खोड्या. सेल मारताना व्होल्टेज पडला की कधी कधी कनेक्शन तुटतं, मग आरपीएम शून्य खरा की जोडणी गेली, कळत नाही. शेजारी व्होल्टेजचा आकडाही लावा. तो हलत असेल तर जोडणी जिवंत आहे. एबीएस आणि एअरबॅगचे दिवे हा वाचत नाही. ओबीडी सॉकेटला बॅटरीचा करंट कायम असतो, तेव्हा गाडी चार-आठ दिवस उभी राहणार असेल तर स्कॅनर काढून ठेवा. आणि फिटरनं बघण्याआधी कोड पुसायचं बटण दाबू नका, फॉल्टच्या क्षणी नोंदलेले आकडेही त्याबरोबर जातात.

भारतात ओबीडी-२ एप्रिल २०१३ पासून लागू झालं. त्याआधीची गाडी असेल तर चालतो का ते आधी विचारा. आयफोनवाल्यांनी साधा ब्लूटूथवाला घेऊ नये, जोडला जात नाही. वायफायचा किंवा ब्लूटूथ एलईचा बघावा.