हर्पिस अडवायचा कुठे: विषाणूत की आपल्या पेशीत?

हर्पिसवरचं औषध असायक्लोविर थेट विषाणूच्या कामावर, म्हणजे डीएनएच्या प्रती काढण्यावर, घाव घालतं. त्याला आधी सक्रिय करतं ते विषाणूचंच थायमिडीन कायनेज हे एन्झाइम, त्यामुळे निरोगी पेशींना फारशी झळ बसत नाही. ही खुबी मला आजही थक्क करते. पण चेतापेशींत दबा धरून बसलेल्या विषाणूला हे औषध शिवतही नाही, कारण तिथे तो डीएनएच्या प्रती काढतच नसतो.

दुसरा मार्ग आपल्याच पेशीतली प्रथिनं अडवण्याचा. हर्पिस सिम्प्लेक्स विषाणूचं व्हीपी१६ हे प्रथिन पेशीतल्या एचसीएफ-१ आणि ऑक्ट-१ या प्रथिनांना हाताशी धरतं, तेव्हा विषाणूची पहिली जनुकं झपाट्याने सुरू होतात. एचसीएफ-१ आपल्यासोबत एलएसडी१ हे एन्झाइम आणतं. ते हिस्टोनवरच्या (डीएनए ज्यांभोवती गुंडाळलेलं असतं त्या प्रथिनांवरच्या), जनुकं दडपणाऱ्या मिथाइल या रासायनिक खुणा पुसतं. नैराश्यावरचं जुनं औषध ट्रॅनिलसायप्रोमिन एलएसडी१लाही अडवतं, आणि प्राण्यांवरच्या प्रयोगांत त्याने विषाणूचं पुन्हा डोकं वर काढणं कमी झालं. मात्र एलएसडी१ आपल्यालाही लागतं, रक्तपेशी घडवायला तर नक्कीच.

त्यामुळे आज ओठावर फोड आला तर असायक्लोविरच, तेही पहिल्या चुरचुरीला. पण वारंवार उसळणाऱ्या, डोळ्यापर्यंत पोचणाऱ्या हर्पिससाठी संशोधनाचा जोर पेशीच्या बाजूला हवा, असं माझं ठाम मत आहे.