स्टेअरिंग बॉक्स ‘एक्स्चेंज’च्या नावाखाली माझे 67,600 रुपये गेले

लिहायला लाज वाटते. 19 वर्षं ट्रक चालवतोय, क्लच प्लेट, पाटे, ग्रीसिंग सगळं दारातच करतो, आणि तरी फसलो. पण मी गप्प बसलो तर उद्या दुसरा कुणी ड्रायव्हर-मालक त्याच माणसाच्या तावडीत सापडेल.

पिंपळगाव बसवंतहून वाशीला कांदा नेतो. पॉवर स्टेअरिंगचा प्रेशरचा होज (दाबाखालचं ऑइल नेणारा पाइप) फुगला होता, तो मी अंगणातच बदलला. तो होज स्टेअरिंग बॉक्सला (चाकं वळवणाऱ्या गिअरच्या पेटीला) जोडणाऱ्या पोकळ बँजो बोल्टच्या तांब्याच्या वॉशर मात्र जुन्याच लावल्या. एक वॉशर 15 रुपयांना मिळते, पण रविवारी दुकान बंद होतं आणि जुन्या दिसायला चांगल्या होत्या. एकदा चेपलेली वॉशर पुन्हा धरत नाही. त्या बदलाच, कितीही घाई असू द्या.

सकाळी गाडीखाली लाल ऑइलचं थारोळं, बॉक्सचं बूड चिंब. ओळखीच्या गॅरेजवाल्याने आठ दिवसांनंतरची तारीख दिली. 10 तारखेला 17,400 चा हप्ता, माल भरायला तयार. अशा वेळी माणूस काय करणार? ड्रायव्हर लोकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एकाचा नंबर होता, ‘घरी येऊन काम, रिकंडिशन (जुना, दुरुस्त केलेला) बॉक्स, सहा महिने गॅरंटी’. लावला फोन. 8,000 अ‍ॅडव्हान्स ऑनलाइन मागितला. खात्यावर नाव बाईचं दिसलं. म्हणाला, मिसेसचं आहे. मी पाठवला.

आला, खाली वाकला, बोट फिरवलं आणि म्हणाला, ‘दादा, सेक्टर शाफ्ट गेला, बॉक्सच बदलावा लागेल.’ सेक्टर शाफ्ट म्हणजे बॉक्समधून बाहेर येणारा, चाकं वळवणारा दांडा. फडक्याने पुसलंसुद्धा नाही. ऑइल वरून गळतं आणि खाली जमा होतं, म्हणून सगळं कोरडं पुसायचं, गाडी चालू करून स्टेअरिंग दोन्हीकडे फिरवायचं आणि सगळ्यात वर ओलं कुठे होतं ते बघायचं. हे मला येत होतं. त्या दिवशी मी केलं नाही.

आणि तो क्षण तर अजून झोपू देत नाही. त्याने आणलेला बॉक्स काळा चकचकीत होता. उचलून धरायला हात लावला तर अंगठ्याला काळा रंग लागला. थिनरचा वास येत होता. नंबरची पट्टी असते त्या जागी ग्राइंडरचे ओरखडे, त्यावरूनही तोच रंग. मी अंगठा पॅन्टला पुसला आणि पाना हातात दिला. तेव्हाच त्याला दारातून घालवायला हवा होता. रंग ओला असेल तर बॉक्स घेऊ नका, गॅरंटी सहा वर्षांची सांगितली तरी.

10,500 रोख, मजुरी 2,000, ऑइल 840. आधीच्या 8,000 सकट 21,340. बिल ‘उद्या पाठवतो’. आणि माझा जुना बॉक्स ‘एक्स्चेंजमध्ये’ घेऊन गेला. पुरावाच गेला. जुना पार्ट कधीही देऊ नका!

चौथ्या दिवशी घोटीच्या पुढे स्टेअरिंग दगडासारखं झालं. भरलेली गाडी, पुढे कसारा घाट. उतार लागायच्या आत कळलं म्हणून आज लिहितोय. टोइंग 4,500, नाशिकला नवा बॉक्स 36,200, मजुरी 3,000, चार वॉशर 60. माल उशिरा पोचला म्हणून व्यापाऱ्याने भाड्यातून 2,500 कापले. तिथल्या मिस्त्रीने दाखवलं, वर बँजोतून गळत होतंच, त्या ठगाने माझ्याच जुन्या वॉशर परत लावल्या होत्या. खाली त्याच्या बॉक्सच्या शाफ्टला गंजाचे खड्डे, त्यावर सील टिकणार कसं? म्हणजे माझा जुना बॉक्स मुळात गळतच नव्हता.

पोलीस ठाण्यात तीन चकरा मारल्या. पहिल्यांदा ‘साहेब बंदोबस्तात’. दुसऱ्यांदा, ‘माल दिला ना त्याने? मग दिवाणी मामला.’ भारतीय न्याय संहितेचं कलम 318 फसवणुकीचंच आहे ना? मग रंग मारून भंगार खपवणं कशात बसतं? तिसऱ्यांदा म्हणाले, काम जिथे झालं त्या हद्दीत जा. काम माझ्या दारात झालं, दार त्यांच्याच हद्दीत! सायबर फसवणुकीच्या 1930 हेल्पलाइनवर सांगितलं, पैसे तुम्ही स्वतः पाठवलेत, ग्राहक हेल्पलाइनकडे जा. ग्राहक हेल्पलाइन 1915 वर बिल मागितलं. बिल असतं तर मी फोन कशाला केला असता? जिल्हा ग्राहक आयोगाच्या खिडकीवर ऐकवलं, ट्रक म्हणजे धंदा, तुम्ही ग्राहक नाही. घाटाच्या तोंडाशी माझी गाडी अडली होती, मागे कांदा, शेजारी माझा मुलगा, आणि ही माणसं मला एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर पाठवत होती. वकिलाने सांगितलं तेव्हा कळलं की 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात पोटापाण्यासाठी स्वतः चालवणाऱ्याला ग्राहकच मानलंय. खिडकीवरून कुणी परत पाठवलं तर हे ठणकावून सांगा. ऑनलाइन पाठवलेल्या पैशांचा स्क्रीनशॉट आणि फोनवरची बोलणी जपून ठेवा, माझ्या हातात तेवढंच उरलंय.

त्याचा नंबर बंद आहे. काल त्याच ग्रुपवर पुन्हा एका काळ्या चकचकीत बॉक्सचा फोटो आला. नाव वेगळं, नंबर वेगळा, मागे तोच फाटका निळा ताडपत्रीचा तुकडा. कुणी अ‍ॅडव्हान्स पाठवायच्या बेतात असाल तर थांबा.