रस्ट कंपायलर आणि कार्गो : बऱ्याच महिन्यांच्या वापरानंतर, मुख्यतः टार्गेट फोल्डरविषयी

गेल्या आठवड्यात रस्ट या प्रोग्रॅमिंग भाषेतील एका प्रकल्पात एका ओळीची दुरुस्ती करून कार्गो बिल्ड चालवले (कार्गो हे कोडपासून प्रोग्रॅम बांधण्याचे रस्टचे साधन), तेव्हा कंपायलरने काही तक्रार केली नाही, पण शेवटच्या टप्प्यावर, कंपाइल झालेले तुकडे एकत्र जोडणाऱ्या लिंकरने डिस्कवर जागा शिल्लक नसल्याचे सांगून काम अर्धवट टाकले. लॅपटॉपची डिस्क २५६ जीबीची आहे आणि तिच्यावर चित्रपट, व्हिडिओ असले काही मी ठेवत नाही. शोध घेतल्यावर दिसले की रस्टच्या निरनिराळ्या प्रकल्पांतील, कार्गो तयार फाइल जिथे ठेवतो त्या टार्गेट नावाच्या फोल्डरांनी मिळून चाळीस जीबीच्या वर जागा अडवली आहे, आणि त्यांतले काही प्रकल्प तर मी पावसाळ्यापासून उघडलेलेही नाहीत. भाषेचे गुण, बॉरो चेकर, मेमरीची सुरक्षितता यांबद्दल पुष्कळ लिहिले गेले आहे, म्हणून त्यात शिरत नाही. हा अनुभव कंपायलर, कार्गो आणि कंपायलरच्या आवृत्त्या उतरवून सांभाळणारा रस्टअप रोज वापरणाऱ्याचा आहे, आणि नवी डिस्क विकत घेण्याची ज्याची अजिबात तयारी नाही अशा माणसाचा आहे.

टार्गेटमध्ये नेमके काय साठते, हे एकदा आत जाऊन पाहण्यासारखे आहे. डेप्स या उपफोल्डरात प्रत्येक डिपेंडन्सीची, म्हणजे प्रकल्प ज्या बाहेरच्या लायब्ररीवर अवलंबून आहे तिची, कंपाइल झालेली फाइल असते आणि तिच्या नावाला एक हॅश, म्हणजे ओळखीची अक्षरखूण, जोडलेला असतो. डिपेंडन्सीची आवृत्ती बदलली, तिचे एखादे फीचर चालू-बंद केले किंवा कंपायलरच नवा आला, की हॅश बदलतो, नवी फाइल तयार होते आणि जुनी तिथेच राहते. रस्टची नवी आवृत्ती दर सहा आठवड्यांनी येते. म्हणजे नियमाने अपडेट करणाऱ्याच्या फोल्डरात दर सहा आठवड्यांनी सगळ्या डिपेंडन्सींचा एक नवा संच जमा होतो, आणि आधीच्या संचाला यापुढे कोणीही विचारणार नसले तरी तो हलत नाही. मागच्या बिल्डचे निकाल साठवणाऱ्या इन्क्रिमेंटल या उपफोल्डराची गोष्ट वेगळी नाही. त्यातच टेस्ट्स फोल्डरातील प्रत्येक फाइलसाठी कार्गो स्वतंत्र एक्झिक्युटेबल बनवतो आणि त्या प्रत्येकात सगळ्या डिपेंडन्सी डिबग माहितीसह (चुका शोधताना लागणाऱ्या माहितीसह) नव्याने जोडल्या जातात. दहा-बारा छोट्या टेस्ट फाइल असल्या, तर जवळजवळ सारखाच मजकूर डिस्कवर दहा-बारा वेळा बसतो.

एडिटरला रस्टचा कोड समजावून देणारा रस्ट-अ‍ॅनालायझर हा जागा खाणारा आणखी एक. एडिटरमध्ये फाइल जतन केली की तो मागे कार्गो चेक (फक्त चुका तपासणारी आज्ञा) चालवतो, आणि त्याच वेळी टर्मिनलमध्ये बिल्ड सुरू केले तर बिल्ड फोल्डरचे कुलूप सुटण्याची वाट पाहत असल्याचा संदेश येऊन सगळे थांबते. यावरचा सर्वमान्य उपाय म्हणजे रस्ट-अ‍ॅनालायझरला स्वतःचे वेगळे टार्गेट फोल्डर देणे. उपाय लागू पडतो, थांबणे बंद होते, आणि जागा आणखी जाते. जागेच्या बाबतीत या साधनांचा हात एकूणच सैल आहे.

साफसफाईसाठी कार्गो क्लीन ही आज्ञा आहे. ती चालवल्यावर किती फाइल आणि किती जीबी गेले याचा आकडा दिसतो आणि तो पाहून बरेही वाटते, पण पुढच्या बिल्डला दोन-तीनशे डिपेंडन्सी पहिल्यापासून कंपाइल होऊ लागतात तेव्हा ते बरे वाटणे टिकत नाही. कालची फाइल ठेवावी आणि तीन आवृत्त्यांपूर्वीची टाकावी, एवढी साधी अपेक्षा कार्गो स्वतःहून पुरी करत नाही. कार्गो-स्वीप नावाचे बाहेरचे साधन ते काम करते. घरातला कचरा घरातल्या झाडूने निघावा, त्यासाठी शेजारी जाऊ नये, असे माझे मत होते आणि बऱ्याच अंशी अजून आहे.

बऱ्याच अंशी म्हणण्याचे कारण जून २०२५ मध्ये आलेली १.८८ ही आवृत्ती. या आवृत्तीपासून कार्गो होम फोल्डरातील आपला साठा आपोआप साफ करू लागला आहे. नेटवरून उतरवलेल्या फाइल तीन महिने वापरल्या गेल्या नाहीत तर जातात, आणि ज्या मशीनवरच पुन्हा तयार करता येतात त्या एका महिन्यानंतर जातात. कोणती फाइल शेवटची केव्हा वापरली याची नोंद कार्गो एका छोट्या एसक्यूलाइट डेटाबेसमध्ये ठेवतो. हे वाचल्यावर देखभाल करणाऱ्यांना जागेची फिकीरच नाही हा माझा समज मी सोडून दिला. त्यांनी सोप्या टोकापासून सुरुवात केली आहे, एवढेच. होममधील साठा पुन्हा उतरवता येतो आणि त्याची मांडणी ठरलेली आहे. टार्गेट फोल्डर मात्र एकाच वेळी स्टेबल (पक्का) आणि नाइटली (रोज निघणारा प्रायोगिक) कंपायलर वापरत असू शकतात, कोणी ते दोन-तीन प्रकल्पांत मिळून वापरतो, कोणी त्यातल्या फाइल स्वतःच्या स्क्रिप्टने उचलतो. तिथे परस्पर हात घातला तर ओरड होणार हे मलाही दिसते. जागा मात्र माझीच जाते.

राग थोडा उतरल्यावर प्रकल्पाच्या डेव्ह प्रोफाइलमध्ये, म्हणजे रोजच्या बिल्डच्या सेटिंगमध्ये, दोन बदल केले : माझ्या कोडसाठी डिबग माहिती फक्त ओळींच्या क्रमांकांपुरती ठेवली आणि डिपेंडन्सींसाठी ती पूर्ण बंद केली. बॅकट्रेसमध्ये, म्हणजे प्रोग्रॅम कोसळल्यावर दिसणाऱ्या मागोव्यात, माझ्या कोडच्या फाइल आणि ओळी अजून दिसतात, आणि मला त्याहून अधिक कधीच लागत नव्हते. फोल्डर डोळ्यांत भरण्याइतके आटले आणि लिंकिंगही हलके झाले. रस्टअपचे प्रोफाइल मिनिमल, म्हणजे किमान साधनांपुरते, केल्यावर दर आवृत्तीबरोबर उतरणारी, असंख्य बारीक फाइलींची दस्तऐवजांची पोतडी यायची थांबली. ज्यांना ती प्रवासात लागते त्यांनी असे करू नये.

आता मूळ कंपायलरच्या देखभालीबद्दल, कारण जागेच्या तक्रारीपायी तिच्यावर अन्याय होऊ नये. २५ जुलै २०२४ रोजी आलेल्या १.८० या आवृत्तीने टाइम या सर्वत्र वापरल्या जाणाऱ्या लायब्ररीच्या जुन्या आवृत्त्या कंपाइल होईनाशा केल्या. कारण नमुनेदार होते. त्या लायब्ररीत एका ठिकाणी बॉक्सच्या (मूल्य ठेवण्याच्या रस्टमधील एका वेष्टनाच्या) आतला टाइप, म्हणजे मूल्याचा प्रकार, मोकळा सोडला होता, आणि तिथे एकच टाइप बसू शकत असल्यामुळे कंपायलर तो ओळखून घेत असे. १.८० मध्ये बॉक्समधील स्ट्रिंगही तशीच गोळा करता येऊ लागली, पर्याय वाढले आणि कंपायलर टाइप स्पष्ट लिहायला सांगू लागला. लायब्ररीची दुरुस्त आवृत्ती, ०.३.३५, आधीच प्रसिद्ध झाली होती, पण ज्यांच्या लॉकफाइलमध्ये (डिपेंडन्सींच्या आवृत्त्या पक्क्या नोंदवणाऱ्या फाइलमध्ये) जुनी गोठलेली होती त्यांची बिल्ड पडली. माझा बाजूला पडलेला एक प्रकल्पही त्यात सापडला.

क्रेटर नावाची एक यंत्रणा रस्टच्या प्रकल्पात आहे. ती प्रसिद्ध झालेल्या सगळ्या लायब्ररी जुन्या आणि नव्या कंपायलरने कंपाइल करून काय मोडते ते पाहते. तिच्या चाचणीत ही मोडतोड आधीच दिसली होती, आणि टाइप ओळखण्यातील अशा फरकाला स्थैर्याच्या वचनात सूट आहे म्हणून बदल पुढे गेला. नियमाला धरून होते. व्यवहाराला धरून नव्हते. मात्र त्यानंतर जे केले गेले ते मला इतर कोणत्या कंपायलरमध्ये आढळलेले नाही. नंतरच्या आवृत्तीत त्या एररखाली खास टीप घालण्यात आली : ही टाइम लायब्ररीतील अडचण १.८० मधील बदलामुळे आहे, कार्गो अपडेट चालवून ०.३.३५ किंवा त्यापुढची आवृत्ती घ्या. कंपायलरच्या कोडमध्ये एका लायब्ररीचे नाव घालून सामान्य वापरणाऱ्याची सोय पाहणे शुद्धतावाद्यांना रुचणार नाही, पण रात्री साडेअकराला बिल्ड पडलेल्या माणसाला ती एक ओळ पुरते.

असाच प्रामाणिकपणा इन्क्रिमेंटल कंपाइलेशनच्या, म्हणजे मागचे निकाल वापरून फक्त बदललेला भाग पुन्हा कंपाइल करण्याच्या सोयीच्या, बाबतीत दिसला होता. ६ मे २०२१ च्या १.५२ मध्ये साठवलेल्या निकालांची पडताळणी कडक केल्यावर आतापर्यंत लपलेले बग बाहेर पडले आणि कंपायलर मध्येच कोसळू लागला. चारच दिवसांत १.५२.१ काढून ही सोय सर्वांसाठी बंद केली गेली, आणि १.५४ मध्ये ती परत सुरू झाली. २०२२ च्या फेब्रुवारीत १.५९ मध्ये पुन्हा तीच पाळी आली, तेव्हाही ती एका आवृत्तीपुरती बंद ठेवली. वेग गेला तरी चालेल पण चुकीचा प्रोग्रॅम बाहेर पडू नये, हा क्रम योग्य आहे, विशेषतः २०२० मध्ये रस्टला सुरुवातीपासून पोसणाऱ्या मोझिलाने कर्मचारी कपात केल्यावर आणि २०२१ मध्ये रस्ट फाउंडेशन उभे राहिल्यावरही बरेचसे काम स्वयंसेवकांच्या जिवावर चालते हे लक्षात घेता.

वेगाकडेही लक्ष आहे. कंपायलरमधील बदलांचा कामगिरीवर होणारा परिणाम ठरलेल्या नमुना प्रोग्रॅमांवर मोजला जातो आणि काही मंदावले तर दर आठवड्याच्या आढाव्यात त्याची विचारणा होते. सप्टेंबर २०२५ च्या १.९० पासून ६४ बिट इंटेल-एएमडी लिनक्सवर एलएलडी हा वेगवान लिंकर आपोआप वापरला जातो. मला काही न करता लिंकिंगमधला फरक जाणवला. त्या मोजमापात वेळेबरोबर मेमरी आणि तयार फाइलचा आकारही येतो. पण प्रत्येक मोजणी स्वच्छ जागेवर, ठरलेल्या टप्प्यांनी होते. माझे फोल्डर मात्र कधीच स्वच्छ नसते. त्यात पाच कंपायलरांचा आणि कधीच काढून टाकलेल्या डिपेंडन्सींचा गाळ असतो. महिनोन्‌महिने साचत जाणारा खर्च कोणत्याही एका बदलाच्या खात्यावर चढत नाही, म्हणून आढाव्यात त्याला जाब विचारला जात नाही. माझ्या तक्रारीचे मूळ इथे आहे, कोणाच्या बेफिकिरीत नाही.

सर्व्हरवरील प्रकल्पांना मी आता टूलचेन फाइल (कंपायलर आणि सोबतच्या साधनांचा संच ठरवणारी फाइल) घालून कंपायलरची आवृत्ती पक्की करतो, म्हणजे सहा आठवड्यांनी अचानक काही मोडत नाही. त्यातही एक गोम आहे. नवी स्टेबल आली की जुन्या आवृत्तीला दुरुस्त्या मिळत नाहीत, म्हणून पक्की केलेली आवृत्ती अधूनमधून हाताने पुढे न्यावी लागते. आणि अशी पुढे नेली की आधीचा पूर्ण कंपायलर रस्टअप आपल्याकडे ठेवूनच देतो. रस्टअप टूलचेन लिस्ट चालवून पाहावे. माझ्याकडे १.७४ निघाला, ज्याला विचारणारा एकही प्रकल्प आता या मशीनवर नाही.