तीन तुकड्यांची टग: कारेलीबागेतल्या थ्रीडी प्रिंटिंगच्या दुकानाचा अनुभव

दुकानाचं नाव लिहीत नाही, कारण पुढे तक्रार आहे आणि मुलं मला आवडली. खरंच हवं असेल त्याने बडोद्याच्या दांडिया बाजारात माझ्याकडे येऊन विचारावं.

मुंबईच्या गोदीत मी ३१ वर्षं लॉफ्टमध्ये काढली. लॉफ्ट म्हणजे लाकडी जमिनीचा भलामोठा हॉल. जहाजाच्या अंगाचा आकार दाखवणाऱ्या ओळी तिथे १:१ मापात आखायच्या, तेही गुडघ्यांवर. ऑफसेटच्या, म्हणजे त्या ओळींच्या मापांच्या, तक्त्यातला आकडा घ्यायचा, खिळा ठोकायचा, खिळ्यांना टेकवून बॅटन (लवचिक पट्टी) वाकवायची आणि गाल जमिनीला लावून, एक डोळा मिटून बघायचं, ओळीला कुठे पोट सुटलंय का. सुटलं असेल तर खिळा उपसा, परत ठोका. पुढे ट्रायबॉन हे जहाजबांधणीचं सॉफ्टवेअर आलं, प्लेट कापायची मशीन थेट कॉम्प्युटरवरून आकडे घ्यायला लागली आणि आमचा हॉल सामान ठेवायची जागा झाला. रडलो नाही. गुडघे तर खूषच झाले.

निवृत्त होऊन बडोद्याला वाड्यात परत आलो. वडील सयाजीरावांच्या कलाभवनात शिकलेले, त्यांची ड्रॉइंगची पेटी माळ्यावर सापडली आणि हात शिवशिवले. माझ्या जुन्या वहीत एका ३० मीटर लांबीच्या टगचे, म्हणजे मोठी जहाजं ओढणाऱ्या बोटीचे, ऑफसेट होते. नातवाच्या लॅपटॉपवर डेल्फ्टशिप या जहाजं आखायच्या सॉफ्टवेअरची फुकट आवृत्ती टाकून घेतली आणि दोन महिने रोज दुपारी त्या ओळी त्यात उतरवल्या. जे पोट मी गाल टेकवून शोधायचो, ते आता वक्रतेच्या रंगांत दिसतं. नाळेजवळ, म्हणजे पुढच्या टोकाशी, एक डाग काही केल्या जाईना. शेवटी कळलं, १९८४ साली वहीत उतरवताना मीच ३ चा ८ केला होता.

मग ती टग हातात घ्यावीशी वाटली. १:५० मापात ६० सेंटिमीटर. नातवाने फाईल तयार करून दिली आणि आम्ही कारेलीबागेतल्या या दुकानात गेलो. दोन पोरं, चार मशीन, एक पंखा. भाव ग्रॅमला ५ रुपये. मशीनचा पाट २२ सेंटिमीटरचा, त्यामुळे टगचे तीन तुकडे करावे लागतील, असं तो पोरगा ओशाळून म्हणाला. मला तर हसूच आलं. अरे, खरं जहाज तरी एका तुकड्यात कुठे होतं? कोचीनची २६२ मीटरची विक्रांतसुद्धा ब्लॉक जोडूनच उभी राहिली. मी म्हटलं, घाल तिचे तुकडे.

आठ दिवसांनी तुकडे आले. दिसायला सुरेख. थर दिसतात, पण नख फिरवलं तरच जाणवतात. घरी आणून नाळेचा तुकडा मधल्याला लावला आणि दोन्ही बाजूंना पायरी. व्हर्नियर (बारीक मापं घ्यायचं हत्यार) काढला. नाळेच्या तुकड्याची रुंदी २००.१ मिलिमीटर, मधल्याची त्याच जागी १९८.६. वरामीचा, म्हणजे मागच्या टोकाचा, तुकडा नाळेच्याच मापाचा.

परत दुकानात. पोराने फाईल उघडून दाखवली. "काका, फाईलमां तो बराबर छे." फाईल बरोबरच होती, तेच तर दुखणं. खोदून विचारलं तेव्हा कळलं की पीएलए प्लास्टिकचं रीळ मध्येच संपलं, म्हणून मधला तुकडा एबीएस या दुसऱ्या प्लास्टिकमध्ये काढला आणि मला सांगितलं नाही. एबीएस गार होताना जास्त आकसतं. माझी तक्रार हीच: माल बदललात तर फोन करा. एक फोन, बस.

त्याला समजावलं, गोदीत वेल्डिंगच्या उष्णतेने प्लेट आकसते, हे धरूनच माप टाकतात. ब्लॉकच्या कडेला जास्तीचा पत्रा ठेवतात आणि जोडताना कापतात. आता टोटल स्टेशन (लांबून अचूक मोजायची दुर्बीण) लावून ब्लॉक मोजतात, ते आकडे थ्रीडी मॉडेलशी ताडून बघतात आणि क्रेन मग हलते. कॉम्प्युटर आल्यावर मोजणं कमी होईल असं आम्हाला वाटलं होतं, झालं उलटंच. पोरगा गप्प बसून ऐकत होता. मी म्हटलं, याच मालात काढ, पण आडवं माप १००.७५ टक्के धर. दुसऱ्या दिवशी तुकडा आला, २००.१. पैसे घेतले नाहीत, मी देत होतो तरी.

तेवढ्यात दुसऱ्याने विचारलं, उद्या अख्खं जहाजच छापतील का? त्याला रॉटरडॅममध्ये छापलेल्या जहाजाच्या पंख्याची गोष्ट सांगितली. २०१७ साली ब्रॉन्झच्या वायरीतून वेल्डिंगचे २९८ थर चढवून टगचा प्रोपेलर केला, १.३५ मीटर व्यासाचा, सुमारे ४०० किलोचा. पण छापून झाल्यावर पाती मिलिंगला, म्हणजे मशीनवर तासायला, लावावीच लागली. अमेरिकेत मेन विद्यापीठाने २०१९ मध्ये २५ फुटी होडी ७२ तासांत छापली, तीही प्लास्टिकची. लोखंडी जहाजाचं अख्खं अंग छापलेलं मला बघायला मिळेल असं वाटत नाही. सुटे भाग मात्र छापतील. भर समुद्रात पंपाचा इंपेलर (आतलं फिरतं चाक) गेला की बंदर गाठेपर्यंत वाट बघायची, हे तरी टळेल.

एकूण ८६० ग्रॅम, ४,३०० रुपये. काम चांगलं, भाव वाजवी, तोंड गोड. जाताना व्हर्नियर घेऊन जा आणि माल कोणता वापरणार ते बिलावर लिहून घ्या. दुपारी एक ते दोन जाऊ नका, दोघंही सेव-उसळ खायला गेलेले असतात आणि मशीन एकट्याच चालू असतात. टग शोकेसमध्ये ठेवली आहे. आकसलेल्या तुकड्यात हिने कढीपत्त्याचं रोप लावलंय, पाणी झिरपत नाही.