चार घमेली भुसा

गेल्या आठवड्यात तापोळ्याहून एका बोटवाल्याचा फोन आला. "एक जण आलाय, बोटीच्या सागवानी फळ्या नव्यासारख्या करून देतो म्हणतोय. तुमच्या बोटीचे फोटो दाखवतोय. काम कसं झालं होतं?" फोटो आमच्याच बोटीचे. मीच काढलेले, आणि कौतुकानं त्या फळ्यावाल्याला पाठवलेलेही मीच. फोनवर सगळं सांगून झालं नाही, म्हणून लिहितोय.

माझा चुलतभाऊ बामणोलीला असतो, आम्ही त्याला दादा म्हणतो. वासोटा किल्ल्याला जाणाऱ्यांना तो शिवसागरातून, म्हणजे कोयना धरणाच्या जलाशयातून, पलीकडे सोडतो. २०१७ साली आम्ही दोघांनी भागीत एक जुनी बोट घेतली. मुंबईत कुणाची तरी हौसेची बोट होती. बॉडी फायबरची, पण पुढे आणि मागे पायाखाली सागाच्या फळ्या आणि फळ्यांच्या फटीत काळी रबरी भर. लॉरीवरून मेढ्याच्या रस्त्यानं आणली तेव्हा गावातली पोरं मागे पळत आली होती. फळ्या तेव्हाही करड्याच होत्या, राखेसारख्या. दादाला त्याचं काही वाटत नव्हतं. वाटत होतं ते मला. पुण्याचे पर्यटक चढताना एकमेकांत कुजबुजायचे, "बोट जुनाट दिसतेय रे."

२०२३ च्या एप्रिलमध्ये साताऱ्यात एका हार्डवेअरच्या दुकानात तो माणूस भेटला. चाळिशीचा, बोलायला गोड, पहिल्या वाक्यापासून मला 'काका'. मुंबईला यॉटवर काम केलंय म्हणाला. दुसऱ्याच दिवशी कास ओलांडून माझ्या गाडीतून बामणोलीला आला. फळीवर नख मारलं आणि मान हलवली. "काका, लाकूड मेलंय. अजून एक पावसाळा गेला की भुसा होणार."

मग पिशवीतून बाटली काढली, तळहाताएवढ्या जागेवर पाण्यासारखं काहीतरी ओतलं आणि ब्रशनं घासलं. दोन मिनिटांत तिथला साग मधासारखा पिवळा झाला. दादा खाली वाकून बघत म्हणाला, "आरं, ही तर नवी निघाली!" मी तिथेच गळाला लागलो.

आता कळतंय ते असं. ऊन-पाण्यात साग करडा पडतो तो फक्त वरच्या पापुद्र्यात. खाली लाकूड धडधाकट असतं, त्याचं स्वतःचं तेल त्याला सांभाळतं. तो पापुद्रा कुठलंही जहाल ऍसिड खातं आणि मग ते खालचा मऊ भागही खायला लागतं. म्हणजे तळहाताएवढा तुकडा पिवळा करून दाखवण्यात कसब काहीच नाही. आणि लाकूड खरंच मेलेलं असतं तर ते दोन मिनिटांत पिवळंधमक झालं असतं का, हा प्रश्न मला त्या वेळी सुचायला हवा होता. चाळीस वर्षं हिशेबाच्या वह्या तपासल्या, पण तिथे डोकं चाललं नाही.

बेचाळीस हजार ठरले. वीस आगाऊ, कारण "तेल बाहेरून मागवावं लागतं". पहिल्या दिवशी त्यानं तेच ऍसिड सगळ्या फळ्यांवर ओतलं आणि गाड्या धुवायची प्रेशरची मशीन लावली. सागाच्या फळीत कडक आणि मऊ रेघा आलटून पालटून असतात. पाण्याच्या त्या माऱ्यानं मऊ रेघा उकरल्या गेल्या आणि फळीवर बोटाला लागतील अशा खाचा पडल्या. त्या सपाट करायला दुसऱ्या दिवशी सँडर, म्हणजे लाकूड घासायची मशीन आली, जाड पॉलिश पेपर लावून. दिवसभर घरघर. संध्याकाळी दादानं ताडपत्रीवरचा भुसा गोळा केला तर चार घमेली भरली. पिवळाजर्द, सागाच्या वासाचा भुसा. मी हसून म्हणालो, "बघ, केवढा मळ निघाला." तो मळ नव्हता, दादा. ते आपलं लाकूड होतं.

मधेच त्यानं मागच्या सहा फळ्या 'कुजलेल्या' ठरवल्या. नव्या बसवल्या, त्याचे नऊ हजार वेगळे. जुन्या उचकटून टेम्पोत घातल्या. "तुम्ही कुठं टाकत बसणार काका, मी नेतो." मी त्या टेम्पोत चढवायला हात लावला.

तिसऱ्या दिवशी तेल लागलं. खरं सांगतो, संध्याकाळच्या उन्हात ती बोट अशी दिसत होती की घाटावरचे लोक थांबून बघत होते. तेव्हाच फोटो काढले. उरलेले पैसे दिले. व्हिजिटिंग कार्डाच्या मागे त्यानं 'तीन वर्षं गॅरंटी' असं लिहून सही केली. कार्डावर पत्ता नव्हता. बिल मागितलं नाही.

जूनमध्ये बोट काठावर ओढून झाकली. जावळीतला पाऊस काय असतो ते इकडच्यांना सांगायला नको. गणपती झाल्यावर ताडपत्री काढली तर फळ्या काळ्याकुट्ट, बुरशीनं भरलेल्या, हात लावला तर चिकट. फटींतली रबरी भर ऍसिडनं कडा सोडून दोऱ्यासारखी सुटत होती. चार-पाच ठिकाणी स्क्रूवरची लाकडी बुचं उडून स्क्रूची डोकी वर आलेली. मागच्या बाजूला पाय दिला की खाली स्पंजासारखं दबायचं. नंबर अर्थातच बंद.

दादाच्या सासुरवाडीकडून कोकणातले एक वयस्कर सुतार आले, आयुष्यभर बोटींचंच काम केलेले. त्यांनी फटीत स्टीलची पट्टी उभी धरली आणि मला वाचायला लावली. फळीची जाडी सहा मिलिमीटर. मग बोटीतल्या कपाटाच्या पायाशी, जिथे सँडर पोचला नव्हता, तिथे धरली. दहा. "बुचं चार मिलिमीटर खोल होती. त्यानं चार तासले. मग बुचं राहणार कशावर?" त्या भोकांतून पाणी फायबरच्या आतल्या प्लायवुडात गेलं होतं.

नव्या फळीवर त्यांनी पटाशीनं एक कपची काढली आणि नाकाशी धरली. काही वास नाही. जुना साग तासला की चामड्यासारखा वास येतो आणि बोटांना तेलकट लागतं. नव्या फळ्यांच्या कडा पांढरट होत्या, म्हणजे सालीलगतचा भाग, ज्याला पाणीही लागतं आणि कीडही. "आणि जुन्या कुठायत?" त्यांनी विचारलं. नेल्या म्हटल्यावर ते थोडा वेळ काहीच बोलले नाहीत. मग म्हणाले, "त्यानं मजुरी त्या फळ्यांतच काढली. तुमचे पैसे वर."

कपाटात त्याचा रिकामा डबा राहिला होता. 'इम्पोर्टेड टीक ऑइल' असं छापलेला कागद चिकटवलेला. सुतारमामांनी कोपरा सोलला, खाली आपल्याकडचंच बेलतेल, म्हणजे उकळलेलं जवसाचं तेल. हसले. सागापासून काढलेलं असं तेल नसतंच म्हणाले. त्या नावानं विकतात ते बहुतेक जवसाचं किंवा तसलंच तेल, त्यात टर्पेंटाइन. चकाकी महिनाभर, पुढे बुरशीला खुराक. समुद्रावरचे लोक फळ्यांवर खारं पाणी ओततात, त्यानं बुरशीला आळा बसतो. आपलं कोयनेचं पाणी गोडं, त्यामुळे इथे तेल लावणं म्हणजे बुरशीला आमंत्रण.

वकील भाच्याला विचारलं. ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते, पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, १९१५ वर फोन करूनही माहिती मिळते. पण नोटीस पाठवायची कुठल्या पत्त्यावर? भाचा म्हणाला, "मामा, निदान त्याच्या टेम्पोच्या नंबराचा तरी फोटो काढायचात." मी फोटो काढले होते ते चकाकीचे.

मागचा भाग पूर्ण उघडून प्लायवुड बदलावं लागलं. फटी नव्यानं भरताना सुतारमामांनी आधी प्रत्येक फट ऍसिटोननं पुसून घेतली, कारण सागाचं तेल राहिलं तर भर धरत नाही. पुढच्या फळ्या अजून त्याच, सहा मिलिमीटरच्या. आता सकाळी फळ्या थंड असताना पाणी, थोडा लिक्विड साबण, मऊ ब्रश, तोही रेघांना आडवा. बास. बोट परत राखेच्या रंगाची झालीय आणि दादा खूश आहे.

तापोळ्याच्या त्या भल्या माणसाला मी एवढंच म्हटलं की फोटो एप्रिलच्या संध्याकाळचे आहेत, बोट बघायला बामणोलीला ये. चढताना डाव्या बाजूनं चढ. उजवीकडच्या तिसऱ्या फळीचा स्क्रू परत वर आलाय, पायाला लागेल.