‘मरीन’ प्लायवूडच्या नावाखाली झालेली माझी फसवणूक

मिशिगनमध्ये डेट्रॉइटच्या एका उपनगरात मी राहतो आणि उन्हाळ्यातले बहुतेक शनिवार लेक सेंट क्लेअरवर गळ टाकून बसण्यात घालवतो. तीन वर्षांपूर्वी मी चौदा फुटी, रिव्हेट मारलेली जुनी ॲल्युमिनियमची बोट स्वस्तात विकत घेतली. पत्रा शाबूत होता. मात्र इंजिन जिच्यावर अडकवतात ती मागची फळी, म्हणजे ट्रान्सम, आतून इतकी कुजली होती की स्क्रू ड्रायव्हर मुठीपर्यंत सहज आत जात असे. तळावरची फळीही गेलेली होती. माझे बालपण मालवणच्या किनाऱ्यावर उलांडीच्या, म्हणजे बाजूला आधाराचे लाकूड जोडलेल्या, होड्यांमध्ये गेल्यामुळे लाकडातले आपल्याला कळते, अशी माझी समजूत होती, आणि ज्या माणसाने मला फसवले त्याला या समजुतीचा फार उपयोग झाला.

ओळखीच्या एका गृहस्थाने शहराबाहेरच्या एका छोट्या विक्रेत्याचा पत्ता दिला. त्याच्या शेडमध्ये प्लायवूडच्या थप्प्या होत्या आणि त्यांवर खडूने ‘मरीन’, म्हणजे बोटींसाठीचे, असे लिहिलेले होते. ट्रान्समसाठी त्याने ओकुमे या हलक्या लाकडाचे म्हणून १८ मिलिमीटर जाडीचे एक शीट दाखवले. त्यावर ‘बीएस १०८८’ असा मरीन प्लायवूडच्या मानकाचा ठळक शिक्का होता. तळासाठी त्याने ‘ट्रीटेड मरीन’ नावाचे दुसरे शीट सुचवले आणि सोबत ‘३१६ स्टेनलेस’, म्हणजे सहसा न गंजणाऱ्या पोलादाचे, म्हणून स्क्रूची एक पिशवी दिली. ट्रीटेड, म्हणजे कुजू नये म्हणून द्रव्य भरलेले, लाकूड ॲल्युमिनियमला चालते का, असे मी विचारले होते, हे मुद्दाम नमूद करतो. लोक तीस वर्षे हेच वापरत आले आहेत, असे त्याने सांगितले. या सगळ्याचे ४१० डॉलर झाले. रोख दिल्यास तीस डॉलर सूट होती, म्हणून मी रोख दिले आणि हाताने लिहिलेली पावती न वाचता खिशात घातली. त्या पावतीवर ‘प्लायवूड २, स्क्रू’ एवढेच लिहिले होते, हे मला दोन वर्षांनी समजले.

पहिला उन्हाळा उत्तम गेला. दुसऱ्या वसंत ऋतूत बोटीवरचे आच्छादन काढले तेव्हा तळाच्या गालिच्याखाली पांढरी भुकटी साचलेली दिसली. गालिचा आणि फळी उचलल्यावर जिथे जिथे लाकूड पत्र्याला टेकले होते तिथे पत्रा देवीचे व्रण असलेल्या चेहऱ्यासारखा झाला होता, आणि खालून विजेरी धरली तर तीन ठिकाणी आरपार उजेड दिसत होता. अशा बोटीचा पत्रा जेमतेम दीड-दोन मिलिमीटरचा असतो, त्यामुळे त्याला भोक पडायला फार काळ लागत नाही.

याचे कारण साधे आहे. कुजू नये म्हणून लाकडात जी द्रव्ये दाबाने भरतात, त्यांत बहुधा तांबे असते. लाकूड ओले राहिले की तांब्याचे क्षार पाझरतात, आणि ओलाव्यात तांबे व ॲल्युमिनियम एकत्र आले की झिजते ते ॲल्युमिनियम. विक्रेत्याचे ‘तीस वर्षे’ हे वाक्य म्हणूनच अर्धसत्य होते. अमेरिकेत आर्सेनिक असलेले जुने सीसीए हे द्रव्य २००३च्या अखेरीस घरगुती वापराच्या लाकडातून मागे घेतले गेले आणि त्याच्या जागी आलेल्या एसीक्यू व कॉपर अझोल या द्रव्यांत तांब्याचे प्रमाण जास्त असते. काही नव्या प्रकारच्या ट्रीटेड लाकडाला त्याचे उत्पादक ठरावीक परिस्थितीत ॲल्युमिनियमशी संपर्काची मुभा देतात, पण ते त्या लाकडाच्या कडेला स्टेपल केलेल्या प्लास्टिकच्या चिठ्ठीवरून आणि उत्पादकाच्या माहितीपत्रकावरून तपासावे लागते. माझ्या शीटच्या कडेला चिठ्ठी नव्हती, मात्र स्टेपलची दोन बारीक भोके होती. ती चिठ्ठी कोणीतरी उपटून काढली होती, आणि ट्रीटेड लाकडाची हिरवट झाक दिसू नये म्हणून वरून तपकिरी सीलरचा हात मारलेला होता. घेतानाच मी एक कोपरा घासून पाहिला असता तर ती झाक तेव्हाच दिसली असती.

मुळात ‘ट्रीटेड’ आणि ‘मरीन’ हे दोन शब्द एकमेकांचे पर्याय नाहीत. मरीन प्लायवूडमध्ये सहसा कुजण्याविरुद्धचे कोणतेही द्रव्य भरलेले नसते. त्याची किंमत असते ती निवडक लाकडाची, पाण्याने न सुटणाऱ्या गोंदाची आणि आतल्या थरांत पोकळ्या नसण्याची. अमेरिकी मरीन प्रत डग्लस फर किंवा वेस्टर्न लार्च या लाकडांची असते, तर ‘बीएस १०८८’ हे ब्रिटिश मानक आहे. हा शिक्का कोणीही उठवू शकतो. त्याच्याबरोबर उत्पादकाचे नाव आणि तपासणी करणाऱ्या त्रयस्थ संस्थेची खूण आहे का, हे पाहावे लागते, आणि माझ्या शीटवर यांपैकी काहीच नव्हते. वजनानेही मला सावध करायला हवे होते. १८ मिलिमीटरचे चार बाय आठ फुटी ओकुमेचे शीट साधारण पंचवीस किलोच्या आसपास भरते आणि एका माणसाला उचलता येते. माझे शीट आम्ही दोघांनी धापा टाकत गाडीवर चढवले होते, आणि ‘काय दणकट माल आहे’ म्हणून मी खूशही झालो होतो!

त्यानंतर ट्रान्समबद्दल संशय आला. उरलेला चार इंची तुकडा मी चहाच्या जुन्या पातेल्यात उकळत ठेवला, आणि तासाभरात त्याचे थर वहीच्या पानांसारखे सुटले. आतल्या दोन थरांत हाताचे बोट जाईल एवढी पोकळी होती. ओकुमेचा पापुद्रा फक्त दर्शनी बाजूंना होता. स्क्रूंना चुंबक घट्ट चिकटले. अस्सल ३१६लाही चुंबकाची किंचित ओढ असू शकते, त्यामुळे ही कसोटी अंतिम नाही, पण माझ्या स्क्रूंच्या डोक्यांवरचा जस्ताचा मुलामा उडून गंजही चढला होता.

एक गोष्ट न्यायाने सांगायला हवी. साधे एक्स्टिरिअर, म्हणजे घराबाहेरच्या वापराचे, प्लायवूड नीट निवडून, कडा आणि प्रत्येक भोक इपॉक्सीने, म्हणजे दोन घटक मिसळून घट्ट होणाऱ्या गोंदाने, पूर्ण बंद करून लावले, तर अशा लहान बोटीचा ट्रान्सम वर्षानुवर्षे टिकतो, आणि पुष्कळ लोक तसे करतात. त्याने तसे सांगून तसे विकले असते तर माझी काहीच तक्रार नव्हती.

मी परत गेलो तेव्हा त्याने पावती मागितली, वाचली आणि ‘यात मरीन कुठे लिहिले आहे?’ असे शांतपणे विचारले. लहान दाव्यांच्या न्यायालयात जाण्याचा विचार केला होता, पण हाती ना प्रतीचा उल्लेख, ना कार्डाची नोंद, ना ती उपटलेली चिठ्ठी.

गेल्या हिवाळ्यात सगळे पुन्हा केले. पत्र्याच्या भोकांवर ५०५२ या ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूची ठिगळे बंद टोकाच्या रिव्हेटांनी आणि सीलंटने बसवली. ट्रान्समसाठी डग्लस फरची पाऊण इंची मरीन फळी दोन थरांत इपॉक्सीने जोडून दीड इंच जाडी केली. बोल्टची भोके मोठी पाडून इपॉक्सीने भरली आणि मग पुन्हा पाडली. या वेळी पावतीवर लाकडाची जात, प्रत, जाडी आणि उत्पादकाचे नाव दुकानदाराकडून लिहून घेतले, तेव्हा त्याने कंटाळून माझ्याकडे पाहिले खरे. जुन्या ट्रीटेड शीटचा स्टेपलच्या भोकांचा तुकडा मात्र मी फेकलेला नाही. बोट दुरुस्त करायला काढलेला कोणी भेटला की आधी तो त्याच्या हातात देतो आणि कोपरा घासून पाहायला सांगतो.