आठ आठवड्यांचा ऑनलाइन कोर्स: आशियाई साहित्य, तौलनिक नजरेतून

कवितेच्या भागासाठी पूर्ण गुण. प्राचीन संगम काळातल्या तमिळ प्रेमकवितेत डोंगर म्हणजे मीलन, समुद्रकिनारा म्हणजे झुरणं. जपानी हायकूत एक ऋतुसूचक शब्द तेच काम करतो. दोन्ही शेजारी ठेवल्यावर ‘निसर्गवर्णन’ हा शब्द मला फारच तोकडा वाटू लागला. कोणी कोणाकडून घेतलं हे शोधत बसण्यापेक्षा एकाच गरजेची दोन उत्तरं वाचायची, ही शिकवणाऱ्या बाईंची पद्धत मला पटली.

नाटकाचा भागही सरस. संस्कृत रंगभूमी मृत्यू सहसा दाखवतच नाही, तर जपानच्या ‘नो’ नाटकात अनेकदा मेलेला माणूसच येऊन आपली कहाणी सांगतो! भरताचा रस आणि ‘नो’चा नाटककार झेआमी याचं ‘फूल’ (नटाच्या कलेतली मोहिनी) यांवरची चर्चा मी दोनदा ऐकली. (दुसऱ्यांदा वहीत लिहून घेत.)

कादंबरीत मात्र गाडी घसरली. व्याख्या युरोपातून आणली आणि अकराव्या शतकाच्या सुरुवातीची जपानी गद्यकथा ‘गेंजी’ तिच्यात बसते का, यावर अख्खा तास घालवला. फूटपट्टीच का बदलू नये, हे मी विचारलं. उत्तर अजून यायचंय. शिवाय सगळे उतारे इंग्रजी अनुवादातले, मूळ लिपी कुठेच नाही.

पाचपैकी साडेतीन.